गच्चीवरून स्पेस स्टेशनशी बोलायचंय? आधी ऐकायला शिका

जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर होते तेव्हा ४ जुलैला बेंगळुरूच्या यू. आर. राव सॅटेलाइट सेंटरमधून शाळेतल्या पोरांनी हॅम रेडिओवरून, म्हणजे लायसन्स काढून हौसेने चालवतात त्या रेडिओवरून, त्यांना प्रश्न विचारले, आणि ती बातमी आल्यापासून मला भेटेल तो एकच विचारतोय, आपल्याला पण बोलता येतं का रे? येतं. नासाची ओळख लागत नाही, डिश लागत नाही, लाखभर रुपये पण लागत नाहीत. पण लोकं काय करतात, थेट वॉकीटॉकी ऑर्डर करतात, गच्चीवर जाऊन हॅलो हॅलो करतात, काही ऐकू येत नाही, आणि मग सेट ड्रॉवरमध्ये पडतो. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की लिंक पाठवायची.

पहिल्यांदा डोक्यातून एक काढून टाका, की स्टेशन फार लांब आहे. डोक्यावर असताना ते साधारण ४०० ते ४२० किलोमीटरवर असतं, म्हणजे पुण्याहून हैदराबाद जेवढं लांब त्याहूनही कमी, फक्त वरच्या दिशेला. आणि मधे ना डोंगर ना बिल्डिंग, सगळं मोकळं, म्हणून पाच वॉटचा हातातला सेट सुद्धा पोचतो. सिंहगडाच्या पलीकडच्या माणसाशी त्याच सेटवर बोलताना जीव जातो आणि अंतराळातला माणूस खणखणीत ऐकू येतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला सुद्धा गंमत वाटली होती. हे काही नवीन पण नाहीये, १९८३ मध्ये ओवेन गॅरियट नावाचे अंतराळवीर कोलंबिया शटलमधून हातातला सेट आणि खिडकीला लावलेला अँटेना घेऊन जमिनीवरच्या हॅम लोकांशी बोलले होते, तिथून हे सुरू झालं. आपल्या कल्पना चावला पण लायसन्स असलेल्या हॅम होत्या, सुनीता विल्यम्स पण आहेत. आत्ता स्टेशनच्या कोलंबस मॉड्यूलमध्ये जो सेट आहे तो केनवूडचा, गाडीत बसवतात तसला, थोडे बदल करून २०२० पासून लावलेला. रशियन भागात वेगळा सेट आहे. हा सगळा कारभार अॅरिस नावाची संस्था बघते.

ऐकायला काय लागतं? सगळ्यात स्वस्त म्हणजे यूएसबीचा आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, आणि एक जुना लॅपटॉप. डोंगल फक्त ऐकतो, त्यातून काही बाहेर जात नाही, त्यामुळे चुकून बटण दाबलं गेलं वगैरे भानगडच नाही. वॉकीटॉकी म्हणजे ट्रान्समिट करणारा सेट, त्याला लायसन्स हवं, त्यामुळे नवीन माणसाने आधी डोंगल घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रीक्वेन्सी लिहून घ्या, १४५.८०० मेगाहर्ट्झ, एफएम. अंतराळवीर बोलतात ते इथेच, चित्रं येतात ती पण बहुतेक वेळा इथेच. जगात कुठेही असलात तरी हीच.

आता खरा अभ्यास म्हणजे पासचा. स्टेशन सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर पळतं, मुंबईच्या डोक्यावरून पुण्याच्या डोक्यावर यायला पंधरा-सोळा सेकंद पुरतात, दीड तासात पृथ्वीला एक चक्कर. तुमच्या आभाळात ते जास्तीत जास्त दहा मिनिटं असतं, त्याला पास म्हणतात. हेवन्स अबव्ह, आयएसएस डिटेक्टर, एनटूवायओ, काय आवडेल ते अॅप टाका, लोकेशन नीट सेट करा, आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ही अॅप्स बाय डिफॉल्ट डोळ्यांना दिसणारे पास दाखवतात, म्हणजे फक्त पहाटेचे आणि संध्याकाळचे. रेडिओला उजेड-अंधार काही फरक पडत नाही, भर दुपारी बाराचा पास पण तेवढाच चांगला. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन सगळे पास चालू करा. मग दिसेल की आपल्याकडे दिवसात पाच-सहा पास मिळतात, ते दोन गठ्ठ्यांत येतात, एक गठ्ठा नैऋत्येकडून उगवून ईशान्येला मावळणारा आणि दुसरा वायव्येकडून आग्नेयेला जाणारा. त्यातले क्षितिजाला चाटून जाणारे सोडून द्या. मॅक्स एलिव्हेशन, म्हणजे स्टेशन क्षितिजापासून जास्तीत जास्त किती वर चढतं तो कोन, तीस डिग्रीच्या वर असेल तरच जिना चढायचे कष्ट घ्या, साठच्या वर असेल तर चहा पण सोडा.

माझा पहिला पास सांगतो. अठ्ठावन्न डिग्रीचा होता, सगळं तयार, सेट १४५.८००ला, गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी मी उभा, आणि दहा मिनिटं पूर्ण शांतता. खरखर सुद्धा नाही. खाली येऊन बायकोला सांगितलं की आज बहुतेक बंद होतं. ती म्हणाली, "अरे पण रेडिओ चालू होता का?" चालू होता, पण स्क्वेल्च लावलेला होता. म्हणजे काय की सिग्नल जोरात असल्याशिवाय स्पीकर उघडतच नाही, आणि स्टेशनचा सिग्नल सुरुवातीला गवताच्या काडीएवढा असतो. त्यामुळे स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवायचा, शून्यावर. कान किटतो त्या खरखरीने, पण ती खरखर हळूहळू बसायला लागते ना, म्हणजे आवाज येण्याआधीच पार्श्वभूमी शांत व्हायला लागते, तेव्हा समजायचं की आले. दुसरं सेटिंग म्हणजे वाइड-नॅरो. मेनूमध्ये एफएम वाइड करून ठेवा, नॅरोवर आवाज फाटतो.

मग डॉपलर. रेल्वे फाटकावर गाडी शिट्टी वाजवत येताना आवाज चढा वाटतो आणि पुढे गेली की एकदम उतरतो, तेच इथे. स्टेशन जवळ येताना फ्रीक्वेन्सी थोडी वर ऐकू येते, लांब जाताना खाली. १४५.८००ला हा फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास, त्यामुळे वाइड एफएमवर काही नाही केलं तरी भागतं, पण नीट ऐकायचं तर उगवताना १४५.८०३च्या आसपास, डोक्यावर असताना १४५.८००, मावळताना १४५.७९७. सेटमध्ये अडीच किलोहर्ट्झची स्टेप असेल तर त्यातल्या त्यात जवळचा आकडा घ्यायचा.

अँटेना. सेटबरोबर येतो तो रबरी अँटेना अगदीच बाद नाही, डोक्यावरच्या पासला त्यावर ऐकू येतं, पण मजा नाही. डोंगलवाल्यांनी साधा व्ही डायपोल करा, अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दोन काड्या, प्रत्येकी ४९ सेंटीमीटर, मधला कोन १२० अंश, आडवा ठेवायचा, एक काडी केबलच्या मधल्या तारेला आणि दुसरी बाहेरच्या जाळीला. झालं. अर्धा तास लागतो. आणि ज्यांना पुढे बोलायचंय त्यांनी एका रविवारी बसून मेजर टेपचा यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना, करा. हार्डवेअरच्या दुकानातला पाच मीटरचा स्टीलचा मेजर टेप, अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि सहा होज क्लिप, एवढंच सामान. टेप कात्रीने कापायचा, मागचा रिफ्लेक्टर १०५ सेंटीमीटर, मधला ड्रिव्हन एलिमेंट दोन तुकड्यांत, प्रत्येकी ४५, मधे अडीच सेंटीमीटरची फट, आणि पुढचा डायरेक्टर ८९. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन अंतर २० सेंटीमीटर, ड्रिव्हन ते डायरेक्टर ३२. ड्रिव्हनच्या दोन तुकड्यांमध्ये १२-१३ सेंटीमीटर तारेची एक यू आकाराची हेअरपिन सोल्डर करायची, तिथेच कोऍक्स केबल जोडायची. टेपवरचा पिवळा रंग सोल्डरच्या जागी पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा, नाहीतर सोल्डर गोळी होऊन घरंगळत जातं आणि तुम्ही सोल्डरिंग आयर्नला शिव्या देत बसता. कापलेली टोकं ब्लेडसारखी असतात, त्यांना चिकटपट्टी लावा, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. टेपचा फायदा हा की जिन्यातून नेताना काड्या दुमडतात आणि गच्चीवर सोडल्या की टणकन सरळ होतात.

हा यागी स्टेशनच्या मागे मागे फिरवायचा. अॅपमध्ये बाण दिसतो, त्याच्याकडे सारखं बघत बसू नका, आधी पाच मिनिटं जाऊन उगवायची दिशा आणि मावळायची दिशा कुठल्या ओळखीच्या गोष्टीवर येते ते बघून ठेवा, माझ्याकडे नैऋत्य म्हणजे मोबाईल टॉवर आणि ईशान्य म्हणजे समोरच्या बिल्डिंगचं सोलर. मधल्या वाटेवर कान सांगेल तसं फिरवायचं. आणि आवाज अचानक बुडाला तर दिशा न बदलता मनगट वळवा, आडवा अँटेना उभा करा, बऱ्याचदा लगेच वर येतो, कारण सिग्नलचं पोलरायझेशन, म्हणजे लहरींचा आडवा-उभा कल, फिरत राहतं. शेजारचे काका कपडे वाळत घालायला आले की विचारतात, "काय रे, केबल गेली का?" त्यांना उत्तर द्यायचं नाही, दोन मिनिटं जातात.

पहिल्यांदा ऐकायला सगळ्यात सोपं काय, तर एसएसटीव्ही. वर्षातून काही वेळा, कुठली तरी वर्धापनदिन वगैरे निमित्तं असतात, स्टेशनवरून १४५.८००ला चित्रं पाठवतात, आवाजाच्या रूपात. ऐकायला किर्र किर्र टूं टूं असं, जुन्या फॅक्स मशिनसारखं. मोबाईलवर रोबोट ३६ नावाचं अॅप चालू करून फोन नुसता स्पीकरजवळ धरला तरी चित्र ओळीओळीने उतरायला लागतं. बहुतेक वेळा पीडी १२० मोड असतो, एका चित्राला दोन मिनिटं लागतात, एका पासात दोन-तीन चित्रं मिळतात, त्यातलं एखादं अर्धवट. माझ्या पहिल्या चित्रात खालचा तिसरा भाग नुसता मुंग्या आहेत, कारण तेव्हाच स्टेशन टाकीमागे गेलं होतं. तरी ते प्रिंट काढून ठेवलंय. एक सल्ला, कुठलाही पास असो, ऑडिओ रेकॉर्ड करा, चित्र नंतर शांतपणे परत काढता येतं.

१४५.८२५ला पॅकेट असतं, म्हणजे एपीआरएस, छोटे डिजिटल संदेश. ब्रॅप ब्रॅप असे छोटे आवाज. ते चालू असलं की तुमचा अँटेना आणि पासचं गणित बरोबर आहे की नाही हे लगेच कळतं, एवढ्यासाठी तरी ती फ्रीक्वेन्सी मेमरीत टाकून ठेवा. बाकी त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल.

कधीकधी सगळं बरोबर असून काहीच येत नाही. तेव्हा स्वतःला दोष देण्याआधी स्टेशनवर काय चाललंय बघा. स्पेसवॉक असलं किंवा एखादं यान येऊन जोडलं जाणार असलं की हॅम रेडिओ बंद ठेवतात. अॅरिसच्या साइटवर आत्ता कुठला मोड चालू आहे ते दिलेलं असतं.

आता बोलायचं. इथे लायसन्स लागतं आणि त्याला पर्याय नाही. मी कुणाला "एकदाच दाब, काय होतंय" असं सांगणार नाही, कारण तुम्ही इथून दाबलेलं पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, अख्ख्या भारतातल्या आणि शेजारच्या देशांतल्या लोकांचा पास खराब करू शकतं. परीक्षेचं नाव एएसओसी, दळणवळण मंत्रालयाची डब्ल्यूपीसी शाखा घेते, वयाची अट बारा वर्षं पूर्ण, अर्ज सरल संचार पोर्टलवरून. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) नाही, नुसती रेडिओची बेसिक थिअरी आणि नियम, त्यात पास झालात की व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे तुमचं रेडिओवरचं नाव. जनरलला मोर्स मिनिटाला आठ शब्द, आणि व्हीयू२. स्पेस स्टेशनसाठी रिस्ट्रिक्टेड पुरतं. दहावीचं फिजिक्स आठवत असेल तर अभ्यास महिनाभराचा, परीक्षेनंतर कागद हातात यायला किती वेळ लागतो ते विचारू नका, तेवढ्या वेळात यागी बनवा.

लायसन्स आलं की लगेच अंतराळवीराला हाका मारायला जाऊ नका. आधी रिपीटरवर सवय करा. स्टेशनवरचा सेट बऱ्याचदा क्रॉसबँड रिपीटर म्हणून चालू असतो, म्हणजे तुम्ही १४५.९९०वर बोलायचं, ६७ हर्ट्झचा टोन, म्हणजे रिपीटर उघडणारा सूर, लावून, आणि तेच वरून ४३७.८००वर सगळ्यांना ऐकू येतं. इथे मात्र डॉपलर सोडत नाही, ४३७ला फरक दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. सेटमध्ये पाच मेमरी ओळीने भरून ठेवा, ऐकायला ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०, आणि पाचही मेमरीत बोलायला तेच १४५.९९० आणि टोन ६७. पास सुरू झाला की पहिल्या मेमरीवर, मग आवाज खरखरायला लागला की एक पुढे, असं करत शेवटच्यावर. बोलताना नंबर फिरवत बसावं लागत नाही.

रिपीटरवर बोलणं म्हणजे लोकलच्या दारात उभं राहून बोलणं. सगळ्यांना दहा मिनिटांतच उरकायचंय. आपलं कॉलसाइन, ग्रिड, बास. ग्रिड म्हणजे नकाशावरचा चौकोन, पुणे एमके६८, मुंबई एमके६९, कोल्हापूर एमके७६, पणजी एमके६५, नागपूर एमएल९१. समोरच्याने तुमचं कॉलसाइन परत म्हटलं की "फाइव्ह नाइन, थँक्यू, सेव्हंटी थ्री", म्हणजे सिग्नल उत्तम, आभार, शुभेच्छा, एवढं म्हणून बाजूला व्हायचं. हवापाणी, सेट कुठला, अँटेना किती एलिमेंटचा, हे जमिनीवरच्या रिपीटरवर. आणि एक शहाणपणाची गोष्ट, एफएममध्ये ज्याचा सिग्नल जोरात तो जिंकतो, बाकीचे दबतात. स्टेशन नागपूरच्या डोक्यावर असताना काश्मीरपासून श्रीलंकेपर्यंत सगळे एकाच वेळी त्याला दिसतात, त्या गर्दीत पाच वॉटला कोण विचारतो. पण नैऋत्येकडून येणाऱ्या पासात पहिली दोन-तीन मिनिटं ते अरबी समुद्रावर असतं, तेव्हा त्याला जेमतेम आपली पश्चिम किनारपट्टी दिसत असते, गर्दी कमी. तेवढ्यात घुसायचं. माझा पहिला क्यूएसओ, म्हणजे संपर्क, असाच झाला, एलिव्हेशन फक्त बारा डिग्री, समोर केरळातले एक गृहस्थ, आणि त्यांच्यामागे कोंबडा आरवत होता तो पण स्पेस स्टेशनमार्गे ऐकू आला.

आता खुद्द अंतराळवीर. ऐकायचं १४५.८००, बोलायचं १४४.४९०. हे आपल्या भागासाठी, युरोप-आफ्रिकेत बोलायची फ्रीक्वेन्सी वेगळी आहे, १४५.२००, त्यामुळे बाहेरच्या व्हिडिओत बघून आकडा उचलू नका. आखाती देशातल्या मराठी मंडळींनी पण हे बघून घ्या, तिथले बरेच देश युरोपच्या रीजनमध्ये येतात. मेमरी स्प्लिट करून ठेवा, म्हणजे ऐकायला एक आणि बोलायला दुसरी फ्रीक्वेन्सी, आणि दहादा तपासा, कारण सगळ्यात मोठं पाप म्हणजे १४५.८००वरच ट्रान्समिट करणं. वर तुम्ही ऐकू येत नाहीच, पण खाली तुमच्या आसपास जे कान लावून बसलेत त्यांचा घास तोंडातून काढून घेता. मी केलंय हे, एकदा, उत्साहात, आणि नंतर आमच्या ग्रुपवर एका सीनियर हॅमनी जे ऐकवलं ते इथे लिहित नाही.

ते कधी बोलतात? कामात असतात तेव्हा नाही. स्टेशनचं घड्याळ जीएमटीवर चालतं, सकाळी सहाला उठतात आणि रात्री साडेनऊला झोपतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेअकराला उठणं आणि पहाटे तीनला झोपणं. कामाआधीचा एखाद-दीड तास, आणि झोपायच्या आधीचे दोन तास, तेव्हा एखाद्याला हुक्की आली तर तो माइक उचलतो. आपल्या वेळेत सांगायचं तर दुपारी साडेअकरा ते एक आणि रात्री एक ते तीन. शनिवार-रविवार जास्त चान्स. प्रत्येक जण हॅममध्ये रस घेतो असं नाही, काही टीम येतात आणि जातात, एक शब्द नाही, आणि मधेच एखादा असा येतो की रोज कुठल्या ना कुठल्या देशाशी गप्पा.

त्यांनी सीक्यू दिला, म्हणजे कोणी आहे का अशी हाक मारली, किंवा कुणाशी तरी बोलणं चालू ऐकलं की थांबा, त्यांचं वाक्य पूर्ण होऊ द्या, मग एकदाच स्वच्छ बोला. अमेरिकन कॉलसाइन एनए१एसएस, रशियन आरएस०आयएसएस. "एनए वन एसएस, धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आणि पुढे तुमची तीन अक्षरं, पुणे, इंडिया. (व्हिक्टर युनिफॉर्म म्हणजे व्ही आणि यू.) पीटीटी सोडा. ऐका. उत्तर दुसऱ्याला आलं तर गप्प बसा. तुम्हाला आलं तर नाव, गाव, तुमचा सिग्नल फाइव्ह नाइन येतोय, आणि धन्यवाद, पंधरा सेकंदांत आटपा. मी स्वतः इतक्या वर्षांत त्यांना ऐकलंय बऱ्याचदा, बोलणं अजून झालं नाही, एकदा फक्त "व्हिक्टर युनिफॉर्म स्टेशन, अगेन?" एवढं आलं आणि पुढच्याच क्षणी ते बंगालच्या उपसागरात गेले. ते व्हिक्टर युनिफॉर्म मीच होतो असं मी धरून चाललोय.

शाळेचं बोलणं चालू असेल, म्हणजे मुलं एकामागे एक प्रश्न विचारतायत आणि वरून "ओव्हर" म्हणत उत्तरं येतायत, तर तेव्हा ट्रान्समिट अजिबात नाही. पण ऐका नक्की. शाळेतली पोरं भारतातलीच असली पाहिजेत असं काही नाही, तुम्हाला ऐकू येतो तो वरचा आवाज, खालचा प्रश्न तुमच्यापर्यंत येत नाही, त्यामुळे नुसती उत्तरं ऐकून प्रश्न काय असेल ते ओळखायचा खेळ होतो. स्वतःच्या शाळेसाठी करायचं असेल तर अॅरिसकडे अर्ज करावा लागतो, त्यांच्या ठराविक मुदती असतात, आणि अर्जात मुलांना आधी काय शिकवणार ते लिहावं लागतं. शाळेत सेट-अँटेना लावायला जवळचा हॅम क्लब गाठा. ते जमणार नसेल तर टेलिब्रिज असतो, म्हणजे जगात दुसरीकडच्या हॅम स्टेशनवरून रेडिओ आणि तिथून शाळेपर्यंत फोन. मुलांकडून प्रश्न कागदावर लिहून ओळीत उभं करून घड्याळ लावून तालीम घ्या, कारण दहा मिनिटांत दहा-वीस पोरांना संधी द्यायची असते आणि पहिल्यानेच "गुड मॉर्निंग सर, माझे नाव अमुक, मी इयत्ता सहावी ब मध्ये" सुरू केलं तर शेवटचे पाच जण रडत घरी जातात.

संपर्क झाला, किंवा नुसतं ऐकलं तरी, क्यूएसएल कार्ड, म्हणजे त्याची पोचपावती, मागवता येतं. त्याला तारीख, वेळ जीएमटीमध्ये, फ्रीक्वेन्सी आणि मोड लागतो. वेळ आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून लिहायची, आणि रात्री एकचा पास असेल तर तारीख आदल्या दिवशीची येते, इथे सगळे चुकतात.